'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी' : बँडने घडवला की कंपनीने बिघडवला?

लयभंग
काल दिवसभर पाऊस. ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा १९९७ चा अल्बम 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी' लावला आणि लगेच त्याचेच डेमो (कच्ची ध्वनिमुद्रणं), जे ड्रमर माइक पोर्टनॉयने २००७ मध्ये स्वतःच्या यत्सेजॅम रेकॉर्ड्सतर्फे काढले. ऐकून डोकं तापलं.

बँडला दुहेरी अल्बम हवा होता. 'मेट्रोपोलिस' या त्यांच्या जुन्या गाण्याचा एकवीस मिनिटांचा दुसरा भाग डेमोत तयार, 'रेझ द नाइफ' तयार. दोन्ही अल्बममधून वगळली. ईस्टवेस्ट कंपनीला रेडिओवर वाजेल असं काहीतरी पाहिजे होतं, कारण १९९२ मध्ये 'पुल मी अंडर' चाललं होतं. ते गाणं आठ मिनिटांचं होतं, हे सोयीस्करपणे विसरले! मग केविन शर्ली निर्माता म्हणून आला आणि 'यू ऑर मी' दुरुस्तीसाठी गेलं डेस्मंड चाइल्डकडे. म्हणजे बॉन जोव्हीला हिट गाणी लिहून देणारा माणूस. परत आलं ते 'यू नॉट मी' होऊन. मुलगी बघायला नेताना पोराला थोरल्या भावाचा सूट चढवतात ना, तशी त्या गाण्याची गत झालीय.

माझं मत स्पष्ट आहे. गाणं बसवायच्या खोलीत पैसेवाल्याने पाऊल टाकू नये.

खर्जातली_तार
'यू नॉट मी'वरून भांडणार नाही, ते मीही पुढे ढकलते. पण एका गाण्यावरून सगळ्या अल्बमला फाशी?

'हेल्स किचन' घ्या. डेमोत ते 'बर्निंग माय सोल'च्या पोटातला वाद्यांचा तुकडा होतं. काढून वेगळं केलं आणि पेट्रुचीच्या गिटारला श्वास मिळाला. कात्रीच लागली ना ती? शिवाय 'लाइन्स इन द सँड' बारा मिनिटांचं आहे, 'ट्रायल ऑफ टीअर्स' तेरा. पूर्ण अल्बम ७८ मिनिटांचा, सीडीत जेमतेम मावेल एवढा. कंपनीने गळा दाबला म्हणता, तर हा बराच मोठा गळा होता.

आपल्याकडे ख्याल गाणाऱ्यांनी ७८ आरपीएमच्या तबकडीसाठी तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा केला. आजही आपण ते ऐकतो. आवर घातल्याने संगीत मरत नाही.

लयभंग
ताई, उदाहरण छान, पण लागू नाही. तबकडी संपायची म्हणून गवई थांबायचा. बंदिशीचा मुखडा बदलून आणा, असं तबकडी सांगत नव्हती. इथे नेमकं तेच सांगितलं गेलं. मर्यादा माध्यमाची असली तर कलावंत तिच्याशी खेळतो. मालकाची असली तर कुढतो.

तीनताल_साडेसात
मी पुण्यात ड्रम वाजवतो (पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करतो), म्हणून राहवलं नाही.

कुढण्याचंच बोलायचं तर १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'कडे बघा. निर्माता डेव्हिड प्रेटरने ड्रमच्या आवाजावर सॅम्पल, म्हणजे आधीच साठवलेले तयार आवाज, चढवले. स्नेअर प्रत्येक ठोक्याला तोच तो, टाइपरायटरसारखा. पोर्टनॉयला ते कधीच आवडलं नाही. 'अ चेंज ऑफ सीझन्स' हे तेवीस मिनिटांचं गाणंही लांबी जास्त म्हणून त्या अल्बमातून वगळलं. ते १९९५ मध्ये वेगळं निघालं, तेही चाहत्यांनी तगादा लावल्यावर. म्हणजे हस्तक्षेप तेव्हाही होताच. तरी तुमचा आवडता अल्बम कोणता, लयभंगराव? लाजू नका.

लयभंग
'इमेजेस'. पकडलंत.

पण फरक सांगतो. तिथे आवाज बदलला, गाणी त्यांचीच राहिली. स्नेअरचा राग येतो आणि पाच मिनिटांनी विसरतो. 'यू नॉट मी'चा मुखडा विसरता येत नाही.

खर्जातली_तार
मग वगळलेल्या 'मेट्रोपोलिस'चं काय? त्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. ती एकवीस मिनिटं १९९७ मध्ये छापली असती, तर विषय तिथेच संपला असता. बाजूला पडली, दोन वर्षं मुरली, जॉर्डन रुडेस कीबोर्डवर आला आणि १९९९ ला त्यातून 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा पूर्ण कथा सांगणारा अल्बम उभा राहिला. डेमोतले कितीतरी धागे त्यात जसेच्या तसे सापडतात. नकारामुळेच मिळाला तो अल्बम.

लयभंग
दूध नासलं, त्याचं पनीर झालं, म्हणून नासवणाऱ्याचे आभार मानायचे? 'सीन्स'च्या वेळी यापुढे ढवळाढवळ चालणार नाही असं ठणकावल्यावर कंपनी मागे हटली. पेट्रुची आणि पोर्टनॉय स्वतः निर्माते झाले. मोकळीक मिळाली म्हणून तो अल्बम झाला.

तीनताल_साडेसात
त्या मोकळ्या अल्बमचं मिक्सिंग कोणी केलं, ते वाचलंत का? आधी डेव्हिड बॉट्रिलने केलं. त्यातलं थोडंच ठेवलं आणि बाकी बहुतेक काम दिलं केविन शर्लीला. तुमच्याच खलनायकाला! बँडला माणूस नकोसा असता तर दोन वर्षांनी पुन्हा बोलावला असता का?

लयभंग
हे खरंच डोक्यात नव्हतं. बरं, शर्लीवरचा राग मागे घेतो. त्याच्या खुर्चीमागे उभं राहून रेडिओ रेडिओ करणाऱ्यांवरचा घेत नाही.

खर्जातली_तार
तेवढं चालेल. पण याच अल्बममधलं 'हॉलो इयर्स' तरी आवडतं की नाही?

लयभंग
आवडतं. बायकोलाही आवडतं, घरात चालणारं या बँडचं ते एकमेव गाणं.

नवा_श्रोता
मधेच विचारतो, माफ करा. 'रेझ द नाइफ' डेमोशिवाय कुठे मिळेल?

तीनताल_साडेसात
'स्कोअर' घ्या. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधला कार्यक्रम आहे, त्यात वाजवलंय. हेडफोन लावून ऐका. आणि हो, नावात रेडिओ असलं तरी लयभंगरावांनी घाबरू नये.