स्पेशल बी.एड. करावं का? शिक्षक मिळत नाहीत म्हणतात, आणि कॉलेजात जागाही रिकाम्या

वाळूचं_घड्याळ

नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालंय, सध्या घरीच शिकवण्या घेते. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा येतो. तोंडी विचारलं तर पचनसंस्था घडाघडा सांगतो, लिहायला दिलं की 'बदक'चं 'दबक' होतं आणि अर्धं पान कोरं राहतं. शाळेने 'लक्ष देत नाही' असा शेरा मारून मागच्या बाकावर बसवलंय. त्याच्या निमित्ताने अध्ययन अक्षमतेवर वाचत गेले आणि आता वाटतंय, हेच शिकावं.

बी.एड.ची सीईटी जनरल आणि स्पेशल (म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचं) दोन्हींसाठी एकच आहे, म्हणजे निर्णय आत्ताच घ्यायला हवा असं नाही. पण घरचे म्हणतात, साधं बी.एड. कर, निदान शाळेत चिकटशील. जिथे तिथे वाचते की विशेष शिक्षकांचा तुटवडा आहे. मग चौकशीला गेले त्या कॉलेजात गेल्या वर्षी स्पेशलच्या जागा रिकाम्या का राहिल्या? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? आणि घ्यायचंच ठरलं तर कुठलं क्षेत्र घ्यावं?

कोरा_कागद

करू नका. मी केलंय. करारावर नेमणूक, दर वर्षी नवा आदेश, मध्ये सक्तीचा खंड, मानधन कधी येईल त्याचा नेम नाही. लग्नाच्या बायोडेटात 'शिक्षक' लिहिलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, 'कायम का?' शेवटी सोडलं. आता एका खासगी कंपनीत डेटा एन्ट्री करतो आणि तुटवड्याच्या बातम्या वाचतो.

खडूफळा

कोरा_कागद यांचा राग खरा आहे, तो खोडून काढायला मी आलेली नाही. मी बौद्धिक अक्षमता क्षेत्रातून बी.एड. केलं, बरीच वर्षं समावेशित शिक्षणात, म्हणजे साध्या शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी, तालुक्याला करारावर काम केलं, आता अशाच एका कॉलेजात शिकवते. त्यामुळे रिकामी बाकं रोज बघते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळेच दुसरी आहे. मुलं आहेत, पण पुरेशी पदं मंजूर नाहीत. पदं नाहीत म्हणून कोणी शिकायला येत नाही. मग सरकार म्हणायला मोकळं की पात्र उमेदवारच मिळत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला, शिक्षकांना प्रशिक्षण देऊन नेमा असंही त्यात लिहिलंय. किती नेमा, ते सर्वोच्च न्यायालयात ठरलं. ऑक्टोबर २०२१च्या निकालात प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण आलं. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की आधी पदं मंजूर करा, जाहिरात काढा. मधली साडेतीन वर्षं कुठे गेली हे मला विचारू नका.

आता बी.एड.ला येणाऱ्या मुलींच्या बाजूने बघा. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, साधंही आणि स्पेशलही. तेवढीच वर्षं, तीच सीईटी. पलीकडे सगळ्या शाळांची दारं, इकडे करार. कोण येणार? आणि उद्या खरंच जाहिराती धडाधड निघाल्या तरी पहिली तुकडी बाहेर पडायला दोन वर्षं जाणारच.

पण सगळं खापर शासनावर फोडून आम्ही कॉलेजवाल्यांनी हात झटकावेत, हेही मला पटत नाही. आम्ही शिकवतो ते विशेष शाळेसाठी. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या अभ्यासक्रमात एक क्षेत्र निवडायचं: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता वगैरे. बाकीच्या अपंगत्वांची तोंडओळख होते. सरावपाठ बहुतेक विशेष शाळेत, जिथे वर्गात मोजकी मुलं, साधनं कपाटात लावलेली आणि बाई सगळ्यांच्या ओळखीच्या. नेमणूक मात्र केंद्रावर, म्हणजे आसपासच्या साध्या शाळांच्या गटावर. तिथे एका शाळेत स्वमग्न मुलगा, पुढच्या शाळेत कर्णबधिर मुलगी, तिच्या पुढच्या शाळेत सेरेब्रल पाल्सीचं मूल, आणि या सगळ्यांना मिळून तुम्ही एकट्या.

मला एका शाळेत पाचवीतली पूर्ण अंध मुलगी मिळाली. ब्रेलची सहा टिंबं मला पाठ होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण ब्रेलपाटीवर टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं, प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं, मग कागद काढून पालथा केला की उठावदार टिंबं डावीकडून उजवीकडे बोटाला लागतात, हे माझ्या हाताला कोणी शिकवलंच नव्हतं. तिनेच शिकवलं. ती आधी निवासी शाळेत होती. टोचणी सरळ उभी धर, तिरकी धरलीस की टिंब फाटतं, असं मला दटावायची. ऐकायला गोड वाटतं हे सगळं, पण तोवर तिचा अपूर्णांकांचा धडा तसाच पडून होता, आणि वर्गातली बाकीची मुलं दशांशावर पोचली होती.

बरं, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. स्पेशल बी.एड.ला मान्यता आरसीआयची, साध्याला एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची. तिकडच्यांना समावेशक शाळेवर एखादा पेपर, इकडच्यांना साध्या शाळेत जेमतेम काही दिवस. आणि मग दोघांनी एका वर्गात मिळून शिकवावं ही अपेक्षा.

तिसरा_तास

मी साध्या शाळेत शिकवतो, चौथीचा वर्ग. आमच्याकडे विशेष शिक्षिका येतात, बाई मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या आल्या की मुलाला व्हरांड्यात नेतात, मणी ओवून घेतात, फॉर्म भरतात, माझी सही घेतात आणि पुढच्या शाळेला निघतात. उरलेले दिवस तो मुलगा माझ्याच वर्गात असतो ना! त्याला मी भागाकाराच्या तासाला काय देऊ, एवढं मला हवंय. मुलाला अर्धा तास बाहेर नेण्यापेक्षा दहा मिनिटं माझ्याजवळ बसून पुढच्या आठवड्याचं ठरवलं तर जास्त उपयोग. हे तुमच्या कॉलेजात शिकवतात का?

खडूफळा

@तिसरा_तास, खरं सांगायचं तर नावापुरतं. मुलाचा वैयक्तिक आराखडा कसा करायचा ते आम्ही घोटून घेतो, पण तो आराखडा वर्गशिक्षकाबरोबर बसून करायचा सराव कुठे होत नाही. सरावपाठाला गुण मिळतात ते विद्यार्थिनी एकटी किती छान शिकवते यावर. दुसऱ्या शिक्षकाच्या तासात काय बदल सुचवला, याला रकानाच नाही. आमच्या विद्यार्थिनींना आठवडाभर तरी एका साध्या वर्गशिक्षकाच्या मागे बसवा, असं मी आमच्याकडे सुचवलं होतं. उत्तर आलं, वेळापत्रकात बसत नाही.

वाळूचं_घड्याळ

घाबरवलंत आणि मोहही घातलात! मला अध्ययन अक्षमता हेच क्षेत्र हवं होतं, पण जवळच्या कॉलेजात फक्त श्रवणदोष आणि बौद्धिक अक्षमता आहे. मग?

खडूफळा

या दोनांतूनच निवडायचं तर मी बौद्धिक अक्षमता म्हणेन. कामाचे बारीक टप्पे पाडून एकेक टप्पा पक्का करायची जी सवय तिथे लागते, ती तुमच्या 'दबक'वाल्या मुलालाही उपयोगी पडेल. श्रवणदोष हे वेगळंच जग आहे: खुणांची भाषा, श्रवणयंत्र, वाचा प्रशिक्षण. त्याची मनापासून ओढ असेल तरच घ्या, आणि मग वांद्र्याची अलीयावर जंग संस्था आधी बघून या.

आणि घरच्यांशी वाद घालण्याआधी एक काम करा. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. मान्यता कॉलेजला सरसकट नसते, ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रांपुरती असते. मान्यता संपलेली असताना प्रवेश घेतला तर नंतर सीआरआर नोंदणी, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद, अडते. नोंदणीशिवाय या क्षेत्रात काम करणं १९९२च्या आरसीआय कायद्याने गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंडाचा आकडा १९९२चाच, तेवढाच राहिलाय.) नोकरीचा अर्ज तर नोंदणी क्रमांकाशिवाय भरताच येत नाही.

कॉलेजात जाल तेव्हा प्राचार्यांना भेटू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. सरावपाठ कुठल्या शाळेत होतात, साध्या शाळेत किती दिवस पाठवतात, आणि मागच्या तुकडीतल्या कितीजणी आज खरंच शिकवताहेत, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला त्या एकमेकींकडे बघायला लागल्या तर दुसरं कॉलेज शोधा.

कोरा_कागद

आमच्या तुकडीतल्या तिघी अजून शिकवताहेत. तिघी विशेष शाळेत, अनुदानित. विचारायचं असेल तर त्यांच्याशी बोलणं करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.