बागेतल्या जोडीला पगार किती द्यावा, आणि पावसात ठेवावं कुठे?

कलमवाला_देवगड

नमस्कार मंडळी, रोज वाचतो पण लिहितोय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

पडेल कँटीनच्या पुढे आमची आंब्याची २८० कलमं आहेत, सगळी कातळावरची. घरात मी, बायको आणि आई, म्हणून गेली सहा वर्षं एक नेपाळी जोडपं राखणीला ठेवतो. दसऱ्यानंतर येतात, मिरगाच्या आधी जातात. दोघांना मिळून महिना १८ हजार, वर तांदूळ, तेल, लाकूडफाटा आपला. आमच्या बाजूला हाच रेट चालतो, कोण १६ देतो कोण २०. तो फवारणी करतो, पाणी चढवतो, रात्रीचे वांदर नि चोर हाकवतो, काढणीला झाडावर चढतो. ती खाली आंबा निवडते, पेंढा घालून पेट्या भरते, आणि मधेच आमच्या घरची भांडी पण घासते (हे टाईप करताना जरा लाज वाटली, पण खरं ते लिहिलं).

आता झालंय काय की त्यांची मुलगी आमच्या झेडपीच्या शाळेत तिसरी पास झाली. शाळेचा पट अकरा, त्यामुळे बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या की ही गेली तर दहाच उरतील, तिला पाठवू नका. आईबाप म्हणतात पावसाळाभर राहतो, पगार कमी द्या पण राहू द्या, पोरीचं दर वर्षी अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. १६ जूनला शाळा सुरू होतेय.

पण राहतात ते मांगरात. चिऱ्याच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला झाप, वर पत्रे. उन्हाळ्यात चालून जातं. यंदा (२०२५) २५ मेलाच मान्सून देवगडात येऊन टेकला, कॅनिंगचा आंबा झाडावरच राहिला, मी त्या गडबडीत निळा कागद घेऊन मांगराकडे गेलो तर आत घोट्याएवढं पाणी आणि पोरीच्या वह्या आंब्याच्या पेटीत भरून ती पेटी सुंभाने वाशाला टांगलेली. बाकी सगळं सामान भिजलं होतं, तेवढी पेटी कोरडी.

आणि मांगरापासून हाकेच्या अंतरावर आमच्या चुलत काकांचं पाच खणांचं घर आहे, ते सगळे नालासोपाऱ्याला, गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, चावी माझ्याकडेच असते. अख्ख्या वाडीत चौदा घरं, त्यातली आठ अशीच कुलूपबंद. काकांना फोन केला तर एकच वाक्य, "कूळ लावून घेशील बाबा घराला." आई पण तेच म्हणते.

तर विचारायचं होतं १८ हजार बरोबर आहेत का, पावसात काम कमी असताना काय द्यायचं, आणि घर दिलं तर खरंच कूळ लागतं का? फक्त शिव्या घालू नका, यंदा फवारण्यांचा खर्च निघाला नाहीये आणि वाशीहून विक्रीच्या हिशेबाची पट्टी यायचीय अजून.

खळ्यातलो_कावळो

मेल्या, १८ देतस आणि वर इचारतस बरोबर हत काय! माझ्याकडे यंदा २० मागल्यानी, रिचार्ज वेगळो. तू आता हयसर मोठेपणान वाढवन् देशीत आणि आमका सगळ्यांका वाढवक लागात. आंबो घालता काय तितके पैशे? थ्रिप्सान मोहोर खाल्ल्यान, अर्दो आंबो पावसान नेल्यान, आणि उरललो दलालान. गुरख्यांका कमी पडता म्हणतस, मालकाक कितके पडतत ता कोण इचारता?

बँकवाला_कणकवली

कावळ्यांचं दुखणं खोटं नाही, पण साधा हिशेब मांडूया. १८ हजार भागिले दोन, डोक्यामागे ९ हजार. भागिले तीस, दिवसाचे ३००. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ होता, आणि रोहयोवाला माणूस संध्याकाळी घरी जाऊन झोपतो. तुमचा माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वांदरामागे फिरतो. तांदूळ-तेल धरलं तरी हे गणित ओढूनताणूनच बसतं. गावच्या गड्याला तुम्ही रोज काय देता? आमच्याकडे पुरुषाला ६००, बाईला ३५० आणि दुपारचा चहा. मग नेपाळहून आलेल्याला निम्मेच का, तर तो मांगरात राहतो आणि भांडायला त्याच्या पाठीशी कोण नाही म्हणून. दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

आणि ते "जोडी" बंद करा आधी. जोडी बैलांची असते. जोडीचा पगार म्हटला की बाईचे किती हे कोणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ सालीच झाला. शेतमजुरीला किमान वेतन आहे, त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आजचा आकडा सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात मिळेल. त्यात माणूस कुठल्या देशाचा हे बघत नाहीत, काम बघतात.

अजून एक, पैसे घरी कसे पाठवतात ते विचारा. बरेच जण गावी निघालेल्या कोणाच्या तरी हातात देतात आणि मग वाटेत काय होतं ते आपण ऐकतोच. स्टेट बँकेतून एनईएफटीने नेपाळला पैसे पाठवायची सोय २००८ पासून आहे, आमच्याच काउंटरवर लोकांना माहीत नसते.

लांज्याचा_चिरा

पगारावर मी बोलत नाही, घरावर बोलतो. आमच्याकडे चिरेखाणीवर कर्नाटकातली माणसं. चिऱ्यामागे पैसे, त्यामुळे पाऊस आला की खाण बंद आणि पैसेही बंद. त्यांच्या खोप्या बघा कधी, खाणीत तुटलेले, कोण घेणार नाही असले चिरे मातीशिवाय एकावर एक रचलेले आणि वर प्लास्टिक. आपल्या मुंबईकरांचे बंगले बांधायला चांगले चिरे जातात तेही वर्षातून दहा दिवस राहायला. असो, माझाही एक बंगला आहेच.

सुधागडची_ताई

कलमवाले दादा, तुम्ही विचारलंत तरी, आमच्याकडे कोण विचारतही नाही.

मी पालीजवळच्या कातकरी वाड्यांवर काम करते. इथे पगार महिन्याला नसतोच, उचल असते. गणपतीच्या सुमाराला घरात धान्य संपतं तेव्हा मुकादम येऊन वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो, दिवाळीनंतर घरदार पोराबाळांसकट वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. मे महिन्यात हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसतेच, वहीत बघायला जावं तर वही मुकादमाची. वेठबिगारी १९७६ सालीच कायद्याने संपली, उचल फिटेपर्यंत जाऊ न देणं ही वेठबिगारीच आहे, पण हे त्या माणसाला सांगायला पण आधी तो गावात सापडला पाहिजे.

घराचं म्हणाल तर कातकरी पिढ्यान् पिढ्या ज्या जागेवर राहतात ती जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर. २०२३ ला पीएम-जनमन ही आदिम जमातींसाठीची योजना आली, घराला २ लाख मंजूर होतात, पण ग्रामसेवक विचारतो जागेचा कागद दाखवा. घर आहे, माणूस आहे, पैसे आहेत आणि पायाखालची जमीन नाही. कुळकायद्यात १७-ब कलम आहे अशा घरांसाठी, त्याच्या मागे लागून लागून आमच्या चपला झिजल्या. मालक म्हणतो "आमची मेहेरबानी म्हणून राहतात". चार पिढ्या मेहेरबानी?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, सॉरी. पण त्या भांड्यांचे पैसे वेगळे द्या दादा.

वकीलकाका_रत्नागिरी

कुळाचा बागुलबुवा कोकणात इतका मुरलाय की लोक घर पडू देतील पण भाड्याने देणार नाहीत. नीट सांगतो.

कूळ म्हणजे दुसऱ्याची शेतजमीन कायदेशीरपणे कसणारा. कुळकायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की रोख किंवा वस्तूच्या रूपात मजुरी घेणारा नोकर कूळ होत नाही, मालकाच्या देखरेखीखाली राबणारा मजूरही होत नाही. अट एवढीच की मजुरी पिकाच्या वाट्यात नको. म्हणजे तू त्याला "शंभर पेट्यांमागे दहा तुझ्या" असं काही करू नकोस, महिन्याचा पगार दे आणि त्याची सही घे. लोक उलटं करतात, पगार तोंडी आणि कागद काहीच नाही, मग घाबरतात.

बांधलेलं घर राहायला देणं हा वेगळा विषय. लिव्ह अँड लायसन्स कर, अकरा महिन्यांचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदव. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची, राहणाऱ्याची नाही. पोलीस स्टेशनला माहिती दे. झालं. ताईंनी सांगितलेलं १७-ब आहे ते मजुराने दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतः बांधलेल्या घराचं, तुझ्या काकांच्या पाच खणांना ते लागत नाही.

आता जरा खाजगी विचारतो, रागावू नकोस. २८० कलमं कातळावर, ती जमीन तुमच्याकडे आली कशी? तुमच्या पट्ट्यात खोती होती, म्हणजे जमीन कसणारे वेगळे आणि सारा वसूल करणारा खोत वेगळा. ती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि ३७ साली बाबासाहेबांनी तिच्याविरुद्ध बिल आणलं होतं हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरतात. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. जुने फेरफार काढ, ३२-ग चा, म्हणजे कुळाला जमीन विकत मिळाल्याचा, शेरा दिसतो का बघ. नाहीतर आईला विचार.

अलिबागचा_आगरी

वकीलकाका, खोतीचा विषय काढलात तर चरीच्या शेतकरी संपाला विसरू नका हो. १९३३ ते ३९, सहा वर्षं पिकवलंच नाही आमच्या लोकांनी, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, कुटुंबं लाकडं विकून, खाडीतलं मिळेल ते खाऊन जगली. आता त्याच चरीच्या आसपास शेतघरं झालीत आणि आमचीच पोरं गेटवर बारा तास वॉचमन, किती मिळतात विचारू नका. विषयांतर झालं.

कलमवाला_देवगड

चार दिवस रेंज नव्हती, आत्ता वाचलं सगळं.

वकीलकाका, रागावलो नाही पण झोप उडाली. आईला विचारलं तर ती काही न बोलता माडीवर गेली आणि ट्रंकेतून कापडात गुंडाळलेला कागद घेऊन आली. ३२-म चं सर्टिफिकेट, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला, आजोबांचं नाव, खाली सहीच्या जागी अंगठा. मला बेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो "आपली वाडवडलांची बाग". आई म्हणाली सासूबाई सांगायच्या, लग्न होऊन आल्या तेव्हा पहिले दोन पावसाळे खोताच्या गोठ्याला लागून काढले, एका बाजूला म्हशी आणि मधे बांबूचा कूड. एवढं बोलून कागद परत गुंडाळला आणि मलाच म्हणाली, भाऊजींना फोन लाव, मी बोलते.

काका तयार झालेत. देवाची खोली बंद ठेवायची, गणपतीत ओटी आणि माजघर मोकळं करून द्यायचं, भाडं नको, लाईटबिल त्यांनी भरायचं आणि "त्याच्याकडून नळे परतून घे". म्हणजे छप्पर फुकटात करून घ्यायचा विचार. मी म्हटलं काका, दोन दिवसांचं काम आहे, दिवसाला ६०० प्रमाणे १२०० गुगल पे करा. थोडा वेळ फोनवर शांतता होती, मग आले पैसे. कौलं परतून झाली, माजघरात अजून एका जागी गळतंय.

पगाराचं असं ठरवलं की दसऱ्यापासून त्याला ११ आणि तिला ११, वेगवेगळे, वहीत वेगवेगळी सही. त्याहून वर आत्ता मला झेपत नाही, पट्टी आलीय आणि ती बघण्यासारखी नाही. पावसात महिन्याचे निदान पंधरा दिवस काम नक्की, गावच्या मजुराचा रोज, बाकी दिवस ते कुठेही जाऊ शकतात. भांडी बायकोने बंद केली. तिला ११ सांगितले तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलं, मग मला विचारलं, "मेरे हाथ में?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, आत गेली.

बँकवाले, त्यांच्याकडे आधार नाही, नेपाळचं नागरिकता पत्र आहे दोघांचं. खात्यासाठी तुमच्याकडे घेऊन येऊ का सोमवारी? आणि वकीलकाका, पोलीस स्टेशनला काय काय न्यायचं?

वकीलकाका_रत्नागिरी

करार, त्या दोघांचे फोटो, नागरिकता पत्राच्या झेरॉक्स, आणि घर काकांच्या नावावर आहे तर काकांचं पत्र. स्वतः सोबत जा, त्यांना एकटं पाठवू नकोस.

खळ्यातलो_कावळो

बावीस!! मेल्या, बुडवलंस आमका. आमच्याकडची पण काल इचारी होती, पडेलात बायकांका येगळे देतत तां खरां काय म्हणान. तुमच्या त्या कराराचो कागद व्हाट्सॲपवर टाक, माझ्या आतेचा घर पण बंदच आसा.