ऊसतोड मजुरांच्या मुलांची सकाळची न्याहारी : संक्रांतीच्या निधीसंबंधी मंडळातील पत्रव्यवहार

प्रेषक : ब्रिटनमधील आपल्या मंडळाची माजी चिटणीस (सध्या मुक्काम कराड)
विषय : संक्रांतीचा निधी आणि साताऱ्याकडच्या शाळा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आईच्या शस्त्रक्रियेमुळे मी नोव्हेंबरपासून माहेरी कराडला आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमात जमणारा निधी या वर्षी सातारा जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्या जेवणासाठी द्यावा, असे ठरल्याचे इतिवृत्तात वाचले आणि फार समाधान वाटले. मात्र त्याच इतिवृत्तात ‘पाच शाळांमध्ये प्रत्येकी एक दिवस पुरणपोळीचे जेवण’ असा जो प्रस्ताव नोंदवला आहे, त्यावर शिक्कामोर्तब होण्याआधी, येथे दोन महिने मी जे पाहते आहे ते आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

दुपारचे जेवण सरकारी शाळांत मिळते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जात असे; सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्याचे, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देणारे जेवण, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचे जेवण मिळावे, असे प्रमाण ठरलेले आहे. ही योजना नसती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. परंतु ते जेवण शाळेच्या दिवशी आणि दुपारीच मिळते. मी ज्या भुकेबद्दल लिहिते आहे ती सकाळची आहे, आणि रविवारची आहे.

कृष्णाकाठी आता गळीत हंगाम ऐन भरात आहे. बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहिल्या आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक जोडा. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनाही फडातच राबावे लागते. पहाटे तीनला उठून बाई भाकरी थापते, त्यातली निम्मी फडकीत बांधून दोघे अंधारातच फडात जातात आणि उरलेली भाकरी मुलांसाठी झाकून ठेवतात. ती मुलांना पुरते, असे नाही. रात्री उशिरापर्यंत गाडी भरली असेल, तर पहाटे चूल पेटतच नाही, आणि मग आदल्या रात्रीचे जे काही उरले असेल तेच. अशी मुले साडेदहाला शाळेत येतात. खिचडी दीड वाजता.

माझ्या शाळकरी मैत्रिणीची बहीण कराड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिच्यासोबत मी डिसेंबरात एका सोमवारी शाळेत गेले होते. परिपाठ चालू होता, प्रतिज्ञा अर्ध्यावर आली होती आणि तिसरीतल्या रांगेतली एक मुलगी मटकन खाली बसली. बाईंनी तिला उचलून सावलीत बसवले, दप्तरातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि परिपाठ पुढे सुरू केला. सगळे इतक्या सवयीने झाले की त्याचाच मला धक्का बसला. नंतर बाई म्हणाल्या, “ताई, सोमवारी असं होतंच. शनिवारी दुपारपासून त्यांच्या पोटात धड काही गेलेलं नसतं.” तेव्हापासून गुळाचा तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो त्या स्वतःच्या पगारातून भरतात.

त्याच मुलीच्या कडेवर अडीच वर्षांचा भाऊ असतो. त्याला सांभाळायला कोपीवर कोणी नाही, म्हणून तो वर्गात येतो आणि गुंडाळलेल्या बस्करावर झोपतो. त्याचे नाव शाळेच्या पटावर नाही, आणि गावच्या अंगणवाडीतही अजून लागलेले नाही. दुपारी खिचडी वाढल्यावर तिने ताटलीतली निम्मी भराभर खाल्ली, उरलेली निम्मी डब्याच्या झाकणात बोटांनी दाबून बसवली आणि वहीच्या पानाने झाकली. मग बाईंकडे न पाहताच विचारले, “बाई, ह्याला नेऊ का?” बाई फळा पुसत राहिल्या.

अशी ४१ मुले त्या एका शाळेत या हंगामापुरती आली आहेत. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे शिक्षण हमी कार्ड असो वा नसो, त्यांना दाखल करून घेतलेच जाते, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला परत पाठवता येत नाही. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी आणि दोन निवृत्त गुरुजींनी दिवाळीनंतर त्यांच्यासाठी न्याहारी सुरू केली. घरोघरी फिरून शेंगदाणे, गूळ आणि ज्वारी गोळा केली. ती जेमतेम तीन आठवडे पुरली. गाव मोठे नाही, आणि त्यातल्या निम्म्या घरांचेच उसाचे बिल अजून यायचे आहे. त्यांचा हिशेब मी समोर बसून पाहिला आहे. शेंगदाण्याचा लाडू आणि केळे, किंवा उकडलेले अंडे आणि फुटाणे, असे आलटून पालटून दिले तर एका मुलामागे दिवसाला सुमारे १२ रुपये लागतात. ४१ मुले आणि हंगामाचे १२० दिवस धरले, रविवारही त्यातच धरून, तर एकूण ५९,०४० रुपये होतात. आपल्या गणेशोत्सवातील एका संध्याकाळच्या जेवणावर आपण याहून अधिक खर्च करतो.

पुरणपोळीला माझा मुळीच आकस नाही. एखाद्या घरच्या मंगल दिवशी गावाने शाळेला गोडधोड वाढावे, यासाठी सरकारच्या योजनेतही ‘स्नेहभोजन’ नावाची सोय आहे आणि ती गावांनी आनंदाने चालवावी. परंतु सातासमुद्रापलीकडून आपण जे पाठवणार, ते त्या एका दिवसासाठी नसावे. मंगळवारी पुरणपोळी मिळालेली मुलगी पुढच्या सोमवारी परिपाठाला पुन्हा खाली बसणार असेल, तर आपण नेमके काय केले?

सातारा जिल्ह्यात बसून हे लिहिताना लक्ष्मीबाई पाटील यांची आठवण न येणे शक्य नाही. त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कोठीतले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. त्या दागिन्यांतून कोणत्या सणाचे जेवण झाले नाही. मुलांचे रोजचे पिठले-भाकरीचे जेवण झाले. आपल्या निधीनेही तेच करावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपली,
माजी चिटणीस


प्रेषक : खजिनदार
विषय : उत्तर – संक्रांतीचा निधी

ताई, स. न. वि. वि.

आपले पत्र आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले. सौ. ने लगेच स्वतःच्या वतीने एका मुलाच्या संपूर्ण हंगामाचा खर्च मांडून ठेवला आहे, म्हणजे भावनेच्या बाजूने आमच्या घरी एकमत आहे. परंतु खजिनदार म्हणून दोन गोष्टी विचारणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या मंडळाची नोंदणी ब्रिटनमधील असल्यामुळे मंडळाचा पैसा भारतात ‘विदेशी अंशदान’, म्हणजे परदेशातून आलेली देणगी, ठरतो. तो शाळेच्या, बचत गटाच्या किंवा एखाद्या गुरुजींच्या खात्यावर परस्पर पाठवता येणार नाही. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तेही दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील तिच्या ठरावीक खात्यावरच, तो स्वीकारता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला तो पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. तेव्हा ‘एकीने घ्यावा आणि दुसरीला द्यावा’ हा जुना सोपा मार्ग बंद झालेला आहे.

दुसरी गोष्ट अनुभवाची. मागे आपण एका शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले होते. त्याचे पुढे काय झाले, हे आपल्याला कोणी कळवले नाही आणि आपणही पुरेसे विचारले नाही. या खेपेस तसे होऊ नये.

आपला,
खजिनदार


प्रेषक : सभासद (लेस्टर)
विषय : उत्तर – संक्रांतीचा निधी

सर्वांना नमस्कार,

काकांच्या शंका रास्त आहेत. मला फक्त न्याहारीबद्दल लिहायचे आहे, कारण मी येथील एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून दोन दिवस सकाळच्या न्याहारी वर्गात मदत करते.

ब्रिटनसारख्या देशातही मुले उपाशी शाळेत येतात, हे मला तेथे जाईपर्यंत खरे वाटत नव्हते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांतील सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत आहे. तरीही २०२० च्या उन्हाळी सुट्टीत मुलांना जेवण मिळावे म्हणून मार्कस रॅशफर्ड या तरुण फुटबॉलपटूला जाहीरपणे सरकारशी भांडावे लागले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणजे भूक येथेही शाळा बंद असते तेव्हाच दिसते. पावाचा एक तुकडा आणि कपभर दूध पोटात गेल्यावर तेच मूल पहिल्या तासाला हात वर करू लागते, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. ताईंच्या पत्रातली सोमवारची मुलगी मी येथेही ओळखते. म्हणून ‘आधी येथल्या मुलांचे पाहू’ असे कोणी म्हणाले, तर त्यांना माझे सांगणे आहे की येथे हातांची गरज अधिक आहे आणि तेथे पैशांची. दोन्ही एकाच वेळी देता येतात.

आणखी एक. आपले मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने येथील करदात्या सभासदाने दिलेल्या प्रत्येक पौंडावर गिफ्ट एड या सरकारी करसवलत योजनेतून २५ पेन्स अधिक मिळतात. संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाच्या टेबलाजवळ तो अर्ज ठेवावा. मी भरून घेईन.


प्रेषक : माजी चिटणीस (कराड)
विषय : उत्तर – संक्रांतीचा निधी

काका, सप्रेम नमस्कार,

आपण विचारलेत ते बरे झाले. पाण्याच्या त्या यंत्रापासून सुरुवात करते, कारण ते मी गेल्या आठवड्यात जाऊन पाहिले. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत कपड्याने झाकून ठेवलेले आहे. वीजबिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडली होती. ती पुन्हा आली तोवर यंत्राची जाळी बदलायची झाली, आणि जाळीसाठी पैसे कोठून आणायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. दोष कोणा एकाचा म्हणवत नाही. आपण वस्तू दिली आणि ती चालू ठेवण्याचा खर्च दिला नाही, हे मात्र आपल्या बाजूने घडले, आणि त्या वेळी चिटणीस मीच होते. न्याहारीचे बरे असे की ती रोज संपते. दिली की नाही हे मुलांच्या तोंडावर दिसते.

कायद्याबद्दल मी येथील एका सनदी लेखापालांना भेटून आले. आपण लिहिले आहे ते तंतोतंत बरोबर आहे. त्यांच्या सांगण्यानुसार आपल्यापुढे दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळता कामा नयेत. मंडळाचा निधी, तसेच ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे त्यांची वैयक्तिक देणगीही, मग त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी अंशदानातच मोडते. ती नोंदणी असलेल्या आणि स्वतः या मुलांमध्ये काम करणाऱ्या संस्थेकडेच जावी. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जिल्ह्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका संस्थेशी माझे बोलणे झाले असून, न्याहारी ती स्वतःच्या देखरेखीखाली चालवील आणि लाडू बचत गटाकडून पावती घेऊन विकत घेईल, असे तिने मान्य केले आहे. ज्यांच्याकडे आजही भारतीय पारपत्र आहे, अशा सभासदांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम मात्र विदेशी अंशदान धरली जात नाही. ती त्यांनी आपल्या नावाने, मंडळाच्या खात्याला न शिवता, स्वतंत्रपणे पाठवावी. कोणाच्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या खात्यावर मंडळाचा एक रुपयाही जाऊ नये, असा ठरावच कार्यकारिणीने करावा, असे मला वाटते.

अंड्याबद्दल काही सभासदांनी वेगळे पत्र पाठवून विचारणा केली आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि शाळांनी ते लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. लोकसहभाग म्हणजे शेवटी येथले बचत गट आणि तिकडचे आपण. कोपीवरच्या मुलांना अंडे अतिशय आवडते. ज्या घरांत चालत नाही त्यांच्यासाठी केळे आहेच, आणि त्यावरून येथे कोणाचा वाद झालेला नाही. कृपया आपणही तो करू नये.

एक अट मात्र मी संस्थेला घातली आहे आणि ती मंडळालाही घालते. मुलांच्या हातात लाडू देऊन रांगेत उभे करून छायाचित्रे काढायची नाहीत आणि शाळेच्या भिंतीवर मंडळाचा फलक लावायचा नाही. हिशेब, पावत्या आणि रोजची हजेरी दरमहा येईल. ती आपल्याला पुरेशी असावी. पटावर नसलेल्या धाकट्या भावंडांनाही न्याहारी मिळेल, हे मी लेखी घेतले आहे. अशी भावंडे त्या शाळेत सात आहेत, म्हणून माझा आधीचा हिशेब ४१ ऐवजी ४८ मुलांचा धरावा. तो ६९,१२० रुपये होतो.

बचत गटाकडे शिल्लक असलेल्या शेंगदाण्यांतून आणि आम्ही चार मैत्रिणींनी घातलेल्या पैशांतून या रविवारी कोपीवरच न्याहारी द्यायची, असे ठरले आहे. निधी येईपर्यंत एवढे आमच्याने होईल. सोमवारी परिपाठाच्या वेळी मी शाळेत असेन आणि संध्याकाळपर्यंत आपल्या सर्वांना कळवीन.

आपली,
माजी चिटणीस