ॲलिस मराठीतून मोठ्यानं वाचताना मजा नेमकी कुठे सांडते?

दिवेलागण

'ॲलिस इन वंडरलँड' दोन मुलींना मराठीतून वाचून दाखवायचं आहे. एक सात वर्षांची, एक दहाची, दोघी मराठी माध्यमात. आधी एक चोवीस पानी रंगीत मराठी आवृत्ती आणली. त्यात ससा, बीळ, चहा, राणी, जाग येणं, सगळं होतं, पण थोरलीचा प्रश्न: "ह्यात गंमत कोणती?" मूळ इंग्रजी समोर ठेवून तोंडी मराठी करायला जावं, तर दर दोन पानांना एक कोटी आडवी येते आणि मराठीत तिचा जीव जातो. दीडशेहून जास्त वर्षं टिकलेलं पुस्तक आहे, म्हणजे दोष पुस्तकाचा नसावा. कुठली आवृत्ती घ्यावी, किती वेळ लागतो, कोट्यांचं काय करायचं आणि काय गाळलं तर चालतं? जाणकारांनी सांगावं.

अडकित्ता

दोष त्या चोवीस पानांचाच. ॲलिसला 'पुढे काय झालं' असं कथानक जवळजवळ नाहीच. एक शहाणी, जरा हट्टी मुलगी एकामागून एक विक्षिप्त लोकांना भेटते आणि प्रत्येक जण तिच्याशी हुज्जत घालतो. ती हुज्जत म्हणजेच पुस्तक. संक्षेप करणारा मात्र नेमकी हुज्जत कापतो आणि प्रवास ठेवतो.

चहापानाचा प्रसंग बघा. टोपीवाला खिशातून घड्याळ काढतो, हलवतो, कानाशी धरतो आणि विचारतो, आज तारीख काय? चार, ॲलिस म्हणते. "दोन दिवस चुकलं! सांगितलं होतं, लोणी यंत्राला मानवणार नाही." त्यावर मार्चचा ससा (बिळातला नव्हे, दुसरा) अगदी नरमाईनं म्हणतो की लोणी उत्तम प्रतीचं होतं. मग पावाच्या सुरीनं लोणी भरलं, त्यात पावाचा चुरा गेला असेल, अशी कुरकुर. ससा घड्याळ चहात बुडवतो, उचलून बघतो आणि पुन्हा तेच: लोणी उत्तम प्रतीचं होतं हो. ह्यात वेडेपणाचा एक शब्द नाही. दोघंही दुरुस्तीवाल्या कारागिरासारखे गंभीरपणे बोलताहेत, फक्त पायाच चुकलेला आहे. एवढं कापलं की उरतं 'टोपीवाला वेडा होता' हे वाक्य, जे मूळ लेखक स्वतः कुठे लिहीत नाही, फक्त चेशायरचं मांजर म्हणतं. प्रकरणाच्या नावात 'वेडं' चहापान आहे, पण माणूस पुस्तकभर नुसता टोपीवाला.

वेळेचा हिशेब: सगळं पुस्तक साधारण २७,००० शब्दांचं, प्रकरणं १२. म्हणजे प्रकरणाला सव्वादोन हजार शब्द. नुसतं वाचलं तर वीस मिनिटं, इंग्रजीवरून तोंडी मराठी करत गेलात तर पस्तीस-चाळीस. रात्री एक प्रकरण, त्याहून जास्त नको. तिसऱ्या प्रकरणात ऐकणारी मुलं हमखास कंटाळतात, कारण तिथे उंदीर मुद्दाम कंटाळवाणा इतिहास सांगतो. भिजलेल्या प्राण्यांना वाळवायचं आहे, म्हणून 'माझ्याकडची सर्वांत कोरडी गोष्ट'. ही कोटी मराठीत आयती मिळते, कोरडं ते कोरडंच. मात्र वाचणाऱ्यानं तो उतारा खरोखर परीक्षेच्या गाईडसारखा, एका सुरात वाचला पाहिजे. भावपूर्ण वाचलात की विनोद गेला.

आवृत्ती निवडताना तीन गोष्टी उघडून बघा. जॉन टेनिएलची ४२ चित्रं आहेत का, उंदराची कविता शेपटीसारखी वळणं घेत, अक्षर बारीक होत खाली उतरते का, आणि प्रकरणं बारा आहेत का. शेवटी 'तात्पर्य' छापलेलं असेल तर पुस्तक सरळ परत ठेवा. ह्याच पुस्तकातली डचेस, म्हणजे सरदारीणबाई, दर वाक्यातून तात्पर्य काढते आणि तिची टर उडवलेली आहे.

लेखक १८९८ साली गेला, चित्रकार १९१४ साली, त्यामुळे मजकूर आणि चित्रं दोन्ही स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. पण मोबाइलवर ई-बुक घेतलंत तर अक्षरांचा आकार बदलला की ओळी नव्यानं तुटतात आणि शेपटीचा गुंता होतो. तेवढं एक पान तरी पीडीएफमधून छापून हाताशी ठेवा.

गणमात्रा

कोट्यांबद्दल. शब्दाला शब्द शोधत बसू नका. कोटी जिथे आहे तिथे मराठीत जी सापडेल ती घाला. मराठी ह्या कामाला फार सोयीची भाषा आहे, आपण उगाच घाबरतो.

उंदराचा प्रसंगच घ्या. इंग्रजीत 'गोष्ट' आणि 'शेपूट' हे शब्द सारखे ऐकू येतात, म्हणून ॲलिसचा घोळ होतो. मराठीत उंदराला एवढंच म्हणू द्या: "माझी कहाणी म्हणजे मारुतीचं शेपूट, आणि दुःखी." ॲलिस त्याच्या शेपटाकडे बघत म्हणेल, "लांब आहे खरं, पण दुःखी कशावरून?" पुढे इंग्रजीत 'नाही' आणि 'गाठ' ह्यांचा घोटाळा आहे. उंदीर म्हणतो, "आणि मग माझी त्याच्याशी गाठ पडली!" ॲलिस: "गाठ पडली? थांबा, मी सोडवते!" मुद्दाम जुळवलेलं वाटतच नाही.

नकली कासवाची समुद्रातली शाळा: पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, असं रोज कमी. का? "म्हणून तर तास म्हणतात, रोज थोडं थोडं तासत जायचं." मग ॲलिस विचारते, म्हणजे अकराव्या दिवशी सुट्टी? हो. आणि बाराव्या दिवशी काय करायचात? इथे ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) घाईघाईनं विषय बदलतो. ह्या जागी थांबा. दहा वर्षांची मुलगी वजा एक तास म्हणजे काय ह्यावर बराच वेळ बोलेल. त्याच शाळेत गणिताच्या चार शाखा आहेत, त्यांना बेजारीज, सजाबाकी, गुन्हाकार आणि भांडाकार म्हणता येतं. मास्तरांना कासव का म्हणायचे? "कसून अभ्यास घ्यायचे म्हणून."

कवितांचं दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकरणात ॲलिस पाठ असलेली कविता म्हणायला जाते आणि तोंडातून भलतंच बाहेर पडतं. मूळ कविता आयझॅक वॉट्स ह्यांची, उद्योगी मधमाशीचा कित्ता गिरवा अशा उपदेशाची. त्या काळच्या इंग्रज पोरांना ती घोकून पाठ होती, म्हणून तिच्या जागी मगर आली की हसू यायचं. आज इंग्रज मुलांनाही मूळ कविता माहीत नसते, मग मराठी मुलांना सरळ भाषांतर देऊन काय उपयोग? जी उपदेशपर कविता आपल्या पोरांच्या कानात असते तिचाच साचा घ्या. मनाचे श्लोक. वृत्त भुजंगप्रयात, ओळीला बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गण. नमुना:

मना पाहसी का, जळी कोण हासे
कुणी शेपटी आपली लख्ख घासे
उघाडून तोंडा जरा वाट पाहे
म्हणे, आत ये मासळी, गार आहे

'मगर' आणि 'सुसर' हे शब्द ह्या वृत्तात बसत नाहीत, तिन्ही अक्षरं लघु. पण नाव न घेतल्यानं उलट चांगलं होतं, ऐकणारा ओळखतो. चाल श्लोकाचीच, चेहरा परवचा म्हणतानाचा.

हे मनचं नाही. रशियन लेखक नाबोकोव यांनी १९२३ साली रशियन ॲलिस काढली तेव्हा इंग्रजी कवितांच्या जागी रशियन पोरांना पाठ असलेल्या कवितांचीच विडंबनं घातली. आणि आपल्याकडे 'झेंडूची फुले' १९२५पासून आहे, विडंबन म्हणजे काय हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही.

उलटी उजळणी

त्याच दुसऱ्या प्रकरणातला पाढा गाळू नका! ॲलिस म्हणते चार पंचे बारा, चार सक तेरा, "असं गेलं तर मी वीसपर्यंत पोचणारच नाही." संक्षिप्त आवृत्त्यांत हे 'ती पाढे विसरली' एवढ्यावर उरकतात. पण लेखक लुईस कॅरॉल, म्हणजे खरा चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. वाचकांनी लावलेला एक अर्थ असा:

आपण दहाच्या गठ्ठ्यांत मोजतो. अठराच्या गठ्ठ्यांत मोजा. वीस म्हणजे अठराचा एक गठ्ठा आणि वर दोन, म्हणून लिहायचं '१२'. पुढच्या पायरीला गठ्ठा एकवीसचा करा. चोवीस म्हणजे एक गठ्ठा आणि तीन, '१३'. दर पायरीला गठ्ठा तीननं वाढवत गेलात तर चार बारे अठ्ठेचाळीसला गठ्ठा एकोणचाळीसचा होतो आणि उत्तर येतं '१९'. आता चार तेरे बावन्न, गठ्ठा बेचाळीसचा. एक गठ्ठा आणि वर दहा. '२०' लिहायला दोन पूर्ण गठ्ठे, म्हणजे चौऱ्याऐंशी लागतील. नाही जमलं, ती खरंच वीसला पोचत नाही. थोरलीला काड्यापेटीच्या काड्या देऊन करून दाखवा. बावन्न काड्या पुरतात.

धाकटीसाठी मोजपट्टी. दाराच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि ॲलिसची उंची बदलेल तशी खूण करा. बाटलीतलं पिऊन दहा इंच, म्हणजे २५ सेंमी. बागेचं दार पंधरा इंच, ३८ सेंमी. केक खाल्ल्यावर नऊ फुटांच्या वर, ही खूण बहुतेक छताजवळच जाते. सुरवंटाशी बोलताना तीन इंच, साडेसात सेंमी. सुरवंटसुद्धा नेमका तीन इंच आहे, म्हणून 'तीन इंच ही काय उंची झाली' म्हटल्यावर तो फणा काढल्यासारखा उभा राहून रागावतो. हा विनोद पट्टीशिवाय अर्धाच कळतो. शेवटी बागेत शिरताना ती फूटभर आहे, म्हणजे दाराला तीन इंच कमी. लेखकानं मापं जपून टाकली आहेत.

पिंपळपान

गणमात्रा, श्लोक फर्मास आहे, पण एक हरकत. कोट्या जरूर मराठी करा. वस्तू मात्र करू नका. चहापानात भजी आणि क्रोकेच्या जागी विटीदांडू आणलात की ते जग कुठलंच राहत नाही. दे. ना. टिळकांनी 'जाईची नवलकहाणी'त नायिकेचं नावच मराठी केलं, ते त्या धाटणीत शोभतं. पण एकदा तो रस्ता धरला की शेवटपर्यंत जावं लागतं. तोंडी वाचताना ते झेपत नाही, तिसऱ्या रात्री जाई पुन्हा ॲलिस होते.

त्याऐवजी वाचायला बसण्याआधी दोन मिनिटं खुलासा करा. नकली कासवाला वासराचं डोकं का? त्या काळी महागड्या कासवाच्या सुपाची नक्कल वासराच्या डोक्यापासून करत. ते 'नकली कासव सूप'. लेखक म्हणतो, सूप आहे म्हणजे प्राणीही असणार, आणि टेनिएलनं त्याला वासराचं डोकं, मागचे खूर आणि शेपूट काढलं. चेशायरच्या मांजरासारखं हसणं, टोपीवाल्यासारखं वेडं असणं, मार्चमधल्या सशासारखं पिसाळणं ह्या सगळ्या आधीपासूनच्या इंग्रजी म्हणी. आपल्याकडे 'गोगलगाय अन् पोटात पाय' वरून कुणी खरीखुरी गोगलगाय लिहावी, जी पाहुण्यांना पोट उघडून पाय दाखवते, तसा हा प्रकार. हे एकदा सांगितलं की मुलं स्वतःच म्हणींतून प्राणी काढायला लागतात.

आणि एक गोंधळ टाळा. हम्टी डम्टी, जुळे ट्वीडल भाऊ, जॅबरवॉकी, लाल राणी हे ह्या पुस्तकात नाहीत. ते १८७१च्या दुसऱ्या पुस्तकात, आरशापलीकडच्या. पहिल्यात पत्ते, दुसऱ्यात बुद्धिबळ, म्हणून बदामाची राणी वेगळी आणि लाल राणी वेगळी. डिस्नेच्या १९५१च्या चित्रपटानं दोन्हींची मिसळ केली आणि बऱ्याच रंगीत पुस्तकांनी तीच उचलली.

दुसरं पुस्तक घेतलंत तर ॲलिस आरशातून जाते ते पान आधी तपासा. मूळ मांडणीत एका बाजूला ती आरशात शिरताना मागून दिसते आणि त्याच पानाच्या पाठीवर पलीकडून बाहेर येताना समोरून. पान म्हणजेच आरसा. ही दोन चित्रं समोरासमोर छापली की पान उलटण्यातली करामत गेली.

दिवेलागण

सर्वांचे आभार, शेपटीचं पान छापून घेते. दोन शंका. "मुंडकं उडवा" हे सात वर्षांच्या मुलीला भीतीदायक नाही का? आणि कावळ्याच्या कोड्याचं उत्तर काय, थोरली सोडणार नाही.

अडकित्ता

मुंडक्याचं औषध नवव्या प्रकरणात आहे. ग्रिफिन सांगतो की हा सगळा राणीच्या मनाचा खेळ, ते कधी कोणालाच मारत नाहीत. धाकटी घाबरली तर एवढं वाक्य आठव्या प्रकरणातच आधी सांगून टाका. त्यापुढे राणी जितकी ओरडेल तितकं हसू येतं. गोष्ट मुळात ऑक्सफर्डजवळ नावेत, ४ जुलै १८६२ ला तेरा, दहा आणि आठ वर्षांच्या तीन बहिणींना तोंडी सांगितलेली आहे, तेव्हा वयाची काळजी नको.

कोडं: रेव्हन, म्हणजे डोमकावळा, लिहायच्या मेजासारखा का? पुस्तकात उत्तर नाही. टोपीवालाच म्हणतो, "मला काडीचीही कल्पना नाही." वाचकांनी इतका पिच्छा पुरवला की लेखकानं १८९६च्या प्रस्तावनेत एक उत्तर जोडून दिलं आणि मुळात ह्याला उत्तर नव्हतंच हेही कबूल केलं. त्या उत्तरात 'कधीच नाही' ह्या अर्थाचा 'नेव्हर' त्यानं मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहिला होता, उलटा वाचला की 'रेव्हन' व्हावा म्हणून. मुद्रितशोधकानं ती 'चूक' इमानदारीनं दुरुस्त केली. थोरलीला हे उत्तर आधी देऊ नका, चार दिवस भांडू द्या.