सलाईनची सुई तिसऱ्या दिवशी बदलायचीच, हा हट्ट कशासाठी?

रात्रपाळीवाला
नाशिकमधल्या सिस्टर-ब्रदर मंडळींसाठी हा धागा. डॉक्टर आले तरी हरकत नाही, फक्त लेक्चर नको.

शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिसीन वॉर्डला आहे. गेल्या आठवड्यात हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, इनचार्ज म्हणाल्या, "अकरा नंबरची सुई बदल, बहात्तर तास झाले." अकरा नंबरला सिन्नरकडच्या आजी. जुना डायबेटिस, शिरा हाताला लागत नाहीत. चालू सुई एकदम व्यवस्थित होती. लाली नाही, सूज नाही, दाबलं तर दुखत नाही, फ्लश (सुई मोकळी ठेवायला सोडतात ते सलाईन) सुरळीत जातोय. तरी काढायला लावली. नवी लागेपर्यंत दोन्ही हात टोचून झाले. आजी विचारतात, "चांगली चालली होती ती कशाला काढली?" काय उत्तर देणार?

हा बहात्तर तासांचा नियम आला कुठून? अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०११च्या सूचनांत म्हटलंय की मोठ्या माणसांत हातावरची सुई ७२ ते ९६ तासांपेक्षा लवकर बदलायची गरज नाही. आपण त्याचं 'बहात्तरला बदललीच पाहिजे' करून टाकलं. पुढे २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या तीन हॉस्पिटलांचा अभ्यास आला. ३२८३ रुग्ण, अर्ध्यांची सुई तिसऱ्या दिवशी नेमाने बदलली, अर्ध्यांची फक्त गरज पडली तेव्हा. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सुमारे ७ टक्के.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक शिफ्टला जागा बघा, लिहा, बिघडली तर काढा. आणि हा निर्णय सिस्टरच्या हातात द्या. कोणाला पटत नसेल तर खोडून काढा.

निवृत्त_मेट्रन
खोडते.

अभ्यास वाचलास, छान केलंस. पण त्यात 'गरज पडली तेव्हा बदलली' म्हणजे रोज कोणीतरी ती जागा नीट बघत होतं. आपल्याकडे सरकारी वॉर्डात रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि पस्तीस-चाळीस पेशंट. त्यातले दोघे ऑक्सिजनवर, एक बाई दारू सोडवलेल्या नवऱ्याला धरून बसलेली, पहाटे तीनला नवीन ॲडमिशन. कोण बघणार सुया? वहीत 'साईट हेल्दी' असं एका दमात, एकाच पेननं, सगळ्या बेडपुढे लिहिलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला आहे.

तिसऱ्या दिवसाचा नियम बावळट दिसतो खरा. पण त्यामुळे निदान तीन दिवसांतून एकदा त्या हाताकडे कोणाची तरी नजर जाते. तो काढलास तर पाचव्या दिवशी पू झालेली सुई सापडेल आणि स्पष्टीकरण त्याच सिस्टरला द्यावं लागेल, 'लॅन्सेट'ला नाही.

सिडको_त्रिमूर्ती_चौक
मी नातेवाईक म्हणून बोलतो. सुई बदलली की लगेच मेडिकलची चिठ्ठी हातात येते. कॅन्युला (म्हणजे हीच सुई), चिकटपट्टी, ते तिकडचं निळं झाकण. आम्हाला वाटतं बिल वाढवायला बदलतात. आता कळलं की नियमच आहे म्हणे. मग हा नियम हॉस्पिटलच्या फायद्याचा नाही कशावरून?

रात्रपाळीवाला
@सिडको, सुईत हॉस्पिटलला फार मोठा फायदा नसतो हो. खरा खर्च आमच्या वेळेचा आणि पेशंटच्या हाताचा.

@मेट्रन मॅडम, मान्य, बघायला माणूस नाही. पण मग तोच माणूस नवीन सुई टाकायला वेळ कुठून काढतो? आजींच्या सुईला वीस मिनिटं गेली. बघायला अर्धं मिनिट लागतं.

आयसीएन_ताई
संसर्ग नियंत्रणाचं काम करते म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचते.

दादा, तुमचा अभ्यास बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. जिनेव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलनं नियम बदलून 'गरज पडेल तेव्हा' केलं. चार लाखांवर सुयांची नोंद होती. रक्तात पोचणारे संसर्ग वाढले. संख्या थोडीच होती, पण वाढ स्पष्ट होती. त्यांनी जुना नियम परत आणला आणि प्रमाण पुन्हा खाली आलं. २०२१ साली 'जामा इंटरनल मेडिसीन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कॉक्रेन (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिचा २०१९चा आढावाही सांगतो की शिरेच्या सुजेत आणि संसर्गात ठळक फरक नाही, पण सुई तुंबणं आणि सलाईन बाहेर झिरपणं नेमाने बदलल्यास बहुधा थोडं कमी होतं.

आता आपल्या वॉर्डातली गोष्ट, जी कुठल्या अभ्यासात नाही. सुईवर आपण काय लावतो? पांढरी मायक्रोपोर चिकटपट्टी, दोन-तीन थर, वर बॉलपेननं तारीख. जागा दिसतच नाही! बघायची तर पट्टी सोलायची, केस ओढले जातात, पेशंट ओरडतो, सुई हलते. म्हणून कोणी बघत नाही. तुमचं अर्धं मिनिट पारदर्शक ड्रेसिंग असेल तरच. आधी ती पट्टी मागा, मग नियम मोडा.

निवृत्त_मेट्रन
ही बाई कामाची बोलली.

एमएस्सी_चालू_आहे
मी वेगळा मुद्दा मांडते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. आपल्या विषयाचे प्रबंध तिथं जमा होतात. बहुतेकांचा साचा एकच: अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षणाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग शिकवणी, मग पुन्हा तीच प्रश्नावली, मार्क वाढले, प्रबंध पास. सिस्टरला माहिती आहे हे सिद्ध झालं. पण त्या वॉर्डात सुजलेल्या शिरा कमी झाल्या का, ते मोजलं कोणी? शिकवणीनंतर महिन्याभरानं पट्टी उचलून बघितलं का?

गंगापूर_रोड_ट्यूटर
हे बोलणं सोपं आहे. विद्यार्थिनीला वॉर्डात मिळतात चार-सहा आठवडे, त्यात परवानगीच्या सह्या घेण्यातच निम्मे जातात. सुजलेल्या शिरा मोजायच्या तर हॉस्पिटल म्हणतं, आमचे आकडे बाहेर जातील. मग प्रश्नावलीशिवाय काय उरतं? मुलींना दोष देऊ नका.

एमएस्सी_चालू_आहे
मी स्वतःच ती मुलगी आहे मॅडम. दोष साच्याला देते.

पेठ_सुरगाणा_लाईन
तुमच्या सुईच्या भांडणात एक वेगळं उदाहरण टाकतो. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ मध्ये बोगोटात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच सुरू केलं तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले.

आमच्याकडे मशीन लागत नाही, पट्टी लागत नाही, फक्त आई लागते. तरी अडतं. कारण आईला आत बसू देत नाहीत, 'इन्फेक्शन होईल' म्हणून. त्या अभ्यासात तर आईचा पलंगच बाळाच्या युनिटमध्ये होता. आणि आत घेतलीच तर सासू म्हणते, बाळंतिणीला वारा लागेल. आमच्या सिस्टरनं सासूलाच खुर्चीत बसवलं, बाळ तिच्या छातीशी दिलं, वरून गोधडी टाकली. बाळाचे पाय गरम झालेले तिनं स्वतःच्या हातानं बघितले. दुसऱ्या दिवशी तीच दुसऱ्या आईला दटावत होती, "पदर सरकव, अंगाला अंग लागू दे." हे कुठल्या प्रबंधात शिकवतात?

निवृत्त_मेट्रन
हे आवडलं. पण बघ, तिथेही एक सिस्टर त्या सासूपाशी बसू शकली म्हणून झालं. माझा मुद्दा तोच आहे. भारतीय परिचर्या परिषद सांगते साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक सिस्टर, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीनमागे एक. अमेरिकेत नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांनी २००२ मध्ये दाखवलं की सिस्टरमागे एकेक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हाही पुरावाच ना? तो मात्र कुठल्याच मॅनेजमेंटला लागू करावासा वाटत नाही. सिस्टरनं काय करावं याचे कागद रोज येतात, सिस्टर किती असाव्यात याचा कागद फाइलीत.

रात्रपाळीवाला
मॅडम, शंभर टक्के. पण माणसं वाढेपर्यंत आजींना टोचत राहायचं का?

ताईंचं ऐकून इनचार्जना एवढंच विचारलं: फक्त आमच्या वॉर्डात, फक्त ज्यांच्या शिरा मिळत नाहीत अशांना पारदर्शक पट्टी, आणि हँडओव्हर बेडपाशी उभं राहून, म्हणजे देणारी आणि घेणारी दोघी ती जागा बघतील. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन दिसली की सुई काढायची, तास मोजायचे नाहीत. बाकी पेशंटना जुनाच नियम. त्या म्हणाल्या, सुपरिटेंडेंटना विचारते.

आयसीएन_ताई
सुरू करण्याआधी महिनाभर आत्ताचे आकडे लिहून ठेवा. किती सुजल्या, किती तुंबल्या, किती वेळा टोचलं. नाहीतर नंतर फरक पडला की नाही यावर पुन्हा इथेच भांडाल.

सिडको_त्रिमूर्ती_चौक
आणि ती पारदर्शक पट्टी मेडिकलमधून आम्हीच आणायची का?

रात्रपाळीवाला
तोच प्रश्न सुपरिटेंडेंट विचारणार आहेत. वॉर्डाच्या स्टॉकमध्ये मागितली आहे.