सिंहस्थाचं गणित उघडंच आहे

अमृतकुंभाच्या कथेत खगोलशास्त्र दडवून ठेवलंय, असं म्हटलं जातं. मला ते उघडच दिसतं. कुंभाचे राखणदार सूर्य, चंद्र आणि गुरू. आणि नाशिकचा सिंहस्थ, म्हणजे तिथला कुंभमेळा, लागतो गुरू सिंह राशीत आल्यावर. गुरूला राशिचक्र पुरं करायला सुमारे 11.86 वर्षं लागतात, पुरती 12 नाही. हा फरक साचत जातो, शिवाय आकाशात गुरू अधूनमधून मागे सरकताना (वक्री) दिसतो, म्हणून सिंहस्थ सुरू करणारं मागचं ध्वजारोहण जुलै 2015 मध्ये आणि पुढचं ऑक्टोबर 2026 चं. ठोकळ बारा वर्षं न मोजता प्रत्यक्ष ग्रह कुठे आहे ते पाहायचं, ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

खगोलाशी जुळलेल्या वास्तूचं उदाहरण हवं तर आपलं नाशिकचं सुंदरनारायण मंदिर बघा. 21 मार्चच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, सूर्यकिरण थेट मूर्तीवर येतात.