पडद्यावरचा येशू आणि शुभवर्तमानातला येशू: तुमचे अनुभव सांगा

नाताळच्या आधी शब्बाथशाळेत जन्माची गोष्ट सांगत होते. तारा, गोठा, गव्हाणीपाशी गुडघे टेकलेले तीन ज्ञानी लोक. एका नऊ वर्षांच्या मुलीने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक; बाकी मार्क, लूक, योहान) दुसरा अध्याय उघडला. "बाई, इथे तीन कुठे लिहिलंय?" नव्हतंच. भेटी तीन, माणसं किती ते नाही. आणि ते गोठ्यात नव्हे, घरात गेले. पंचवीस वर्षं बायबल वाचतेय, तरी डोळ्यांपुढे होता तो सिनेमाच. तुमच्या बाबतीत असं कधी झालं? सिनेमाने वचन कुठे झाकलं, कुठे उलगडलं? मनापासून लिहा.

शेवगाव
आमच्या वाडीत प्रोजेक्टर घेऊन मंडळी आली होती. लूकच्या शुभवर्तमानावर काढलेला १९७९चा चित्रपट, मराठीत. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्यामागे बसलो. आमच्या येशूने डाव्या हाताने आशीर्वाद दिला. आजोबांना वाचता येत नव्हतं. क्रुसावरचा एक चोर पश्चात्ताप करतो, तिथे ते हुंदके देऊन रडले. पुढे मी मत्तय वाचला, तर तिथे दोन्ही चोर निंदाच करतात! आजोबांचा चोर कुणीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं. पाळकांनी समजावलं, की दिवस एकच, पण प्रत्येकाने त्यातलं वेगळं काही जपलंय. तो चित्रपट लूकचा हात धरून चालतो, हे मला आता त्याचं प्रामाणिकपण वाटतं.

वसई
२००४ साली मेल गिब्सनचा चित्रपट बघायला आयला घेऊन गेलो. उपवासकाळ होता. येशूवरचे फटके थांबतच नव्हते. आय पदराआड माळ ओढत बसली. योहान ते एका वाक्यात सांगतो. रोमी सुभेदार पिलाताच्या तोंडी लॅटिन आहे, पण त्या प्रांतात रोमी अधिकाऱ्यांचा लोकांशी व्यवहार ग्रीकमधून चाले, असं बरेच अभ्यासक मानतात. परतताना मी म्हणालो, वेरोनिका नावाची बाई रुमालाने येशूचं तोंड पुसते ते कुठल्याच शुभवर्तमानात नाही. आय म्हणाली, "सहाव्या स्थानापाशी लहानपणापासून गुडघे टेकतोस, ते काय मग?" खरंच, आमच्या क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या दुःखाची एकेक स्थानं घेत करतो त्या प्रार्थनेत, ती आहेच. मी गप्प झालो. एक मात्र सांगतो. 'एलोई, एलोई' (माझ्या देवा, माझ्या देवा) हे येशूचे क्रुसावरचे शब्द प्रवचनांत कितीदा तरी ऐकले होते. सगळे अरामी बोलत असताना ऐकले तेव्हा ती पहिल्यांदा किंकाळी वाटली.

पुणे
आम्ही ख्रिस्ती नाही. फिल्म क्लबमध्ये इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा १९६४चा, मत्तयावरचा चित्रपट पाहिला. संवाद जवळजवळ मत्तयातलेच, येशू झालाय एक स्पॅनिश विद्यार्थी, येशूची म्हातारी आई मरिया म्हणजे खुद्द दिग्दर्शकाची आई. हा येशू भराभर चालतो, खांद्यावरून मागे वळून बोलतो, संतापतो. मला वाटलं, दिग्दर्शक मार्क्सवादी, राग त्याचा असणार. शेजारच्या काकूंकडून बायबल आणलं. तेविसावा अध्याय: ढोंगी लोक म्हणजे चुना लावलेल्या कबरी. राग मत्तयातलाच होता.

नाशिक
मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना आपल्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण, रामचंद्र उभे राहिले, असं फाळक्यांनीच लिहून ठेवलंय. माझ्या आजीचंही तसंच. टीव्हीवर येशू शिष्यांचे पाय धुतो ते पाहून ती म्हणाली, "राजसूय यज्ञात कृष्णानेही हेच काम मागून घेतलं होतं."

मिरज
माझं नाव येशूची शिष्या मग्दालिया मरिया हिच्यावरून ठेवलंय. शाळेत एक सिनेमा दाखवला, त्यात ती वेश्या होती. वर्षभर मुली माझ्या नावावरून कुजबुजत राहिल्या. लूक एवढंच म्हणतो, की तिच्यातून सात भुतं निघाली होती. दुसऱ्या स्त्रियांच्या गोष्टी तिच्या माथी बसल्या, आणि पोप ग्रेगरींच्या ५९१च्या प्रवचनाने ते पश्चिमेत पक्कं झालं. वर वसईकरांनी सांगितलेल्या चित्रपटातही व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेली बाई तीच आहे. हे सगळं मला चाळिशीत कळलं. पण त्या वर्षी, शाळेतून रडत आले तेव्हा, बाबांनी योहानाचा विसावा अध्याय काढला. ती कबरीपाशी रडतेय, समोरच्याला माळी समजते, आणि तो तिला नावाने हाक मारतो. "मरणातून उठल्यावर पहिली हाक येशूने तिला मारली," बाबा म्हणाले, "म्हणून तुझं नाव ते."